लग्नाला देव न्यायचे असतात

आमच्या म्युझियममध्ये येणारा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, सांगू? "वॉशरूम कुठे आहे?" दुसरा, "कॅफे आहे का?" आणि तिसरा, "बघायला किती वेळ लागतो?" तिसऱ्याला मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आले, "माझं अजून बघून झालेलं नाही." लोक हसतात, तिकीट काढतात, सगळी दालनं भराभरा मागे टाकतात आणि गच्चीवर जाऊन धरणाच्या पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो. आठवडाभर हिंजवडीत कंप्युटरपुढे मान मोडून आलेली पोरं ती, त्यांना वारा हवा असतो हे कळतं मला. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो!

मी मूळची परभणीकडची. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे मुळशीकडे आले, चांदे गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा खिडकीतून भातखाचरं दिसायची. आता समोरच्या बिल्डिंगमधलं वाळत घातलेलं धुणं दिसतं. इतिहासाची पदवी होती, ती कधी कामाला येईल असं माझ्या सासरी कुणाला वाटत नव्हतं, खरं तर मलाही नाही. मग कुणीतरी सांगितलं, पौडच्या पुढे मालेला एका हौशी गृहस्थांनी स्वतःचं म्युझियम काढलंय, तिथे वस्तू पुसायला आणि त्यांची माहिती लिहायला माणूस हवंय. त्या गृहस्थांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. काकांनी जन्मभर जुन्या वस्तू जमवल्या होत्या. पितळी समया, लाकडी मुखवटे, काचेवर काढलेली चित्रं, पानाचे डबे. आणि एक अख्खी भिंत भरून टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव्हाऱ्यातले देव, तळहातावर मावतील एवढे.

काका गेले. मागे ट्रस्ट राहिला, ट्रस्टनं नवीन डायरेक्टर नेमली. बाहेर शिकून आलेली, माझ्या मुलीच्या वयाची, मला ताई म्हणणारी. मुलगी चांगली होती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिलाच बोल लावाल. तिचं म्हणणं, हा संग्रह आजच्या माणसांसाठी नव्यानं मांडायला हवा. आपण नुसतं कपाटात ठेवून देतो, खाली "चांदी, उठावकाम" असं लिहितो आणि लोक बघत नाहीत म्हणून लोकांवरच डाफरतो. डाफरतो म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, एवढा तिचा भलेपणा.

पुण्याहून डिझाइनवाली माणसं आली. त्यांनी भिंतीवर रंगीत कागद चिकटवले. आपला प्रेक्षक कोण, त्याला काय वाटतं, त्यानं घरी काय घेऊन जावं, असं बरंच काही. मला आवडत होतं हो ते. इतक्या वर्षांत त्या वस्तूंबद्दल एवढा वेळ बोलणारं मला कुणी भेटलंच नव्हतं. समया राहिल्या, मुखवट्यांना मोठं दालन मिळालं, पानाच्या डब्यांवर तर सगळे खूश झाले. मग गाडी टाकांच्या भिंतीवर आली आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, "हे जरा रिपीट होतंय. सगळे सारखेच दिसतात. हे स्टोअरला टाकू या."

"सारखे?" मी म्हटलं. "अहो, तुम्ही सगळेही मला सारखेच दिसता. तुम्हाला टाकू का स्टोअरला?"

हसले सगळे, पण कागदावर त्यांनी फुली मारलेली मला दिसली. स्टोअर म्हणजे तळघर, आणि मुळशीच्या पावसाळ्यात आमच्या तळघराची काय दशा होते ते मला ठाऊक. मग मी त्यांना खालच्या कोपऱ्यातल्या चार टाकांची गोष्ट सांगितली. एक खंडोबा, एक भवानी, एक भैरोबा, आणि घोड्यावर बसलेला एक वीर, म्हणजे त्या घराचा कुणी मूळपुरुष.

हे चार मालेतल्याच एका घरातले. तिथे दोन भाऊ होते. वाटणी झाली तेव्हा जमीन, बैल, भांडी, सगळं निमूट वाटलं गेलं आणि घोडं अडलं ते देवांवर. थोरला म्हणे, देव थोरल्याकडे जायची रीत आहे. धाकटा म्हणे, आईबापाला शेवटपर्यंत मी सांभाळलं, देव मला. बोलणं बंद, येणं-जाणं बंद. काका तेव्हा नुकतेच गावात राहायला आले होते आणि दोघेही त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायचे. काका म्हणाले, देव माझ्याकडे ठेवा. कुणा एकाचे नाहीत आणि दोघांचेही आहेत. ज्याच्या घरात लग्न निघेल त्यानं घरी न्यायचे, गोंधळ झाला की परत आणायचे. दोघांनाही पटलं. तेव्हापासून चालत आलेली रीत ही. काका थकल्यावर देव नेण्याचं काम माझ्याकडे आलं. हळदीच्या आदल्या दिवशी मी टाक कपाटातून काढायची, स्वच्छ कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि डबा मांडीवर धरून रिक्षानं गावात जायची. थोरल्याची पोरं पुढे जमीन विकून पुण्याला फ्लॅटमध्ये गेली, त्यांनी नाद सोडला. राहिलं धाकट्याचं घर. धाकट्याची बायको, आता सत्तरीच्या पुढची, तिला मी मावशी म्हणते. मी दारात पोचले की मावशी तांब्या घेऊन बाहेर यायची आणि माझ्या पायांवर पाणी घालायची. पहिल्या वेळी मी संकोचून पाय मागे घेतले, तर म्हणाली, "तुमचं न्हवं बाई, देवाचं पाय हायेत ते. नीट उभं ऱ्हावा."

माझं सांगून झालं. डायरेक्टरच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. "ताई," ती म्हणाली, "हे तुम्ही इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतं? हीच तर आपली गोष्ट आहे!" फुली खोडली गेली. घरी जाताना मी पौडला उतरून पेढे घेतले. नवरा म्हणाला, काय पगार वाढला का? म्हटलं, नाही, देव वाचले.

पुढचे दोन-चार महिने मी हवेत होते. शूटिंगवाले मावशीच्या घरी गेले, मी सोबत. मावशीनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, नथ घातलेली. कॅमेरावाल्या पोराला तिनं आधी जेवायला घातलं, मगच बोलायला बसली. "देव आमचं तितं ऱ्हात्यात," असं म्हणून तिनं म्युझियमच्या दिशेला बोट केलं. "लग्नाला घरी येत्यात. पावनं न्हाईत, घरचंच हायेत, पर येत्यात पावन्यावानी. चार दिस ऱ्हात्यात, न्हाऊनधुऊन परत जात्यात." ते ऐकून पोरं बेहद्द खूश. त्यातच मावशीच्या नातवाचं लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख, मुलगी कासारसाईची. डिझाइनवाले म्हणाले, मग लग्नही शूट करू! मावशीनं त्यांना तिथल्या तिथे आमंत्रण देऊन टाकलं.

त्यानंतर एक तज्ज्ञ आले. जुना धातू तपासणं हे त्यांचं काम. टाकांची भिंत आता म्युझियमचं मुख्य आकर्षण होणार, तेव्हा तिची प्रकृती तपासायला नको? शांत, सरळ माणूस. चार टाक भिंगाखाली धरून बराच वेळ बघत बसले आणि मग मला बोलावलं. "बघा." खंडोबाच्या घोड्याच्या पायाशी चांदी इतकी पातळ झाली होती की पत्रा फाटत आला होता. खंडोबाचं नाक तर कधीच गेलं होतं, ते मला माहीत होतं. हळद, कुंकू, दूध, चिंचेनं घासणं, वर इथली दमट हवा. "आणखी एखाद्या लग्नाला नेलात," ते म्हणाले, "तर तिथेच तुटेल." मला स्वतःला ते दिसत होतं.

म्हणून बंद पेटी आली. आतली हवा कोरडी ठेवणारी, चहूबाजूंनी सांधे बुजवलेली. बसवणारे कारागीर उत्तरेकडचे, भराभर हात चालत होते त्यांचे. देव आत ठेवायचं काम मी केलं. भवानीचा चेहरा दाराकडे राहील असे मीच ते लावले. मग एका पोरानं काचेच्या कडेनं चिकट पांढरी वळी ओढायला सुरुवात केली आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी विचारलं, "भैया, ये खुलेगा कैसे?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे नवलानं पाहिलं. "खोलना क्यों है, मैडम?"

मी तशीच डायरेक्टरच्या खोलीत गेले. म्हटलं, नातवाचं लग्न आहे, देव न्यायचे आहेत. तिच्याही ते डोक्यात आलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसलं. गोष्ट इतकी सुंदर होती, की ती अजून चालू आहे हे सगळे विसरले होते. मग ती म्हणाली, पेटी उघडायची तर कंपनीची माणसं बोलवावी लागतात, ट्रस्टची परवानगी लागते, आणि तज्ज्ञांनी लेखी नको म्हटलंय. "ताई, रस्त्यात फाटले तर? तुम्ही घ्याल ती जबाबदारी?"

मी खुर्ची ओढून बसले.

"आपण त्यांची गोष्ट किती छान सांगतोय," ती म्हणाली. समजूत घालायला म्हणाली, पण मला ते सहन होईना. भिंतीशेजारच्या पडद्यावर जी फिल्म लागणार होती, तिच्या शेवटी एक गोड आवाज म्हणतो, आजही या घरात लग्न निघालं की हे देव घरी जातात. म्हटलं, निदान तो 'आजही' शब्द तरी काढा. तर म्हणाली, रेकॉर्डिंग झालंय, ताई.

दिवाळीच्या आधी नवीन दालन उघडलं. मावशीला पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, नारळ. पडद्यावर स्वतःला बघून ती पदर तोंडाला लावून हसली. "अगं बया, मी लई म्हातारी दिसतीया की!" आणि एक गोष्ट मला कबूलच केली पाहिजे. त्या भिंतीपुढे लोक थांबले. मी इतकी वर्षं जे मागत होते ते घडलं. गच्चीकडे धावणारी पोरं त्या चार टाकांपुढे उभी राहिली, मावशीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, एका मुलीनं तर डोळे पुसत फोन लावला आणि तिच्या आईला विचारलं, "मम्मी, आपल्या घरी पण असे देव होते का गं? कुठे गेले?" मी खांबाआड उभी होते. आनंद व्हावा की रडावं, काही सुधरेना मला.

मावशी गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. "बाई, लई चांगलं घर दिलंत देवाला. आता हळदीच्या आदल्या दिशी आनताय न्हवं?"

"बघू," मी म्हटलं.

"बघू म्हंजी?"

"म्हणजे सांगते."

सांगायला जाईपर्यंत दिवाळी उलटून गेली. आज जाऊ, उद्या जाऊ. ट्रस्टची बैठक होती, तिथे बोलू आणि मगच जाऊ, असं स्वतःला समजावत राहिले. बैठकीत बोलले मी. काकांनी शब्द दिला होता, म्हटलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, कुणी मध्ये तोडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. एक जण म्हणाले, शब्द काकांचा होता, त्याचा आदर आहे, पण काकांनाही हे देव तुटावेत असं वाटलं असतं का? मग ठरलं की म्युझियमतर्फे त्या कुटुंबाला टाकांच्या हुबेहूब प्रती भेट द्यायच्या. चहा आला, पुढचा विषय निघाला.

लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी मी मालेत गेले. रिक्षा दारात थांबली तशी आतून मावशीचा आवाज आला, "आलं, आलं!" आणि ती तांब्या भरून घेऊनच बाहेर आली. तारखेची गल्लत झाली असेल, नाहीतर मी आधीच देव घेऊन आले असं वाटलं असेल. माझे हात रिकामे बघून ती उंबऱ्यातच थबकली. मग तांब्यातलं पाणी तिनं तुळशीला घातलं आणि म्हणाली, "या, बसा."

मी सगळं सांगितलं. चांदी झिजलीय, पत्रा फाटतोय, पेटी बंद केलीय. मावशीला आधी ते खरंच वाटेना. "चावी हरवली का?" म्हटलं, चावीच नाही तिला. "मंग काच काढा की. आमच्या नातवाच्या वळखीचा काचवाला हाय पौडात. गाड्यांच्या काचा बसवतुया, एक तडा जायाचा न्हाई." मी म्हटलं, मावशी, तसं नाही चालत. "का न्हाई चालत? मी बोलू का तुमच्या त्या पोरीशी? गुनाची हाय ती. माझ्या हातची भाकरी खाल्लीया तिनं." तिला पेटी उघडण्याची अडचण तेवढी कळत होती आणि तिच्यावर तिच्याकडे उपायही होता. न उघडण्याचं जे कारण होतं, ते मी कितीदा सांगितलं तरी तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तुटतील म्हणून न्यायचे नाहीत? मग ठेवायचे कशाला?

नातू आतून आला, हिंजवडीत कंपनीत आहे तो, समजूतदार पोरगा. म्हणाला, "आजी, जाऊ दे ना. फोटो मोठा करून ठेवू देव्हाऱ्यात."

"व्हय का? मंग लग्नाला तू तरी कशाला जातुया कासारसाईला? तुझा बी फोटोच धाडू."

तो हसत आत गेला. मावशी मात्र हसली नाही. थोडा वेळ ती चुलीपुढचं जळण उगाच सारखं करत बसली. मग म्हणाली, "नवं करावं लागत्याल." पौडच्या सोनाराकडे सांगून येते म्हणाली, वेळ आहे अजून. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, हो हो मावशी, तेच बरं. तर तिनं माझा हात धरला.

"पर जुनं नदीत सोडावं लागतंय, बाई. जुनं सोडल्याबिगर नव्यांत देव कसा यायचा? एक देव दोन जागी बसत न्हाई. तुमी तेवढं करा. मला नगा दिऊ, तुमच्या हातानं सोडा. मी लांबनं बघीन."

नदीत सोडा! म्युझियमच्या दारावरच्या मोठ्या फलकावर आता त्या चार टाकांचा फोटो होता. तरी मी डायरेक्टरला विचारलं, सांगते तुम्हाला. जाऊन तिच्यापुढे उभी राहिले आणि जसं मावशी म्हणाली तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, हळूच लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "ताई, हे फारच पॉवरफुल आहे. हे आपण रेकॉर्ड करायला हवं." कपाळ माझं! मी बाहेर आले आणि वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. बाहेर पडल्यावर एकानं मला विचारलं, कॅफे कुठे आहे.

प्रती तयार झाल्या. मखमलीच्या पेटीत चार टाक, मशीननं काढलेले, झिजेसकट. मीच नेऊन दिले, दुसरं कोण नेणार? मावशीनं खंडोबा हातात घेतला, उजेडात धरला, पाठ फिरवून बघितली. चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. जुन्यावरही ती तसाच अंगठा फिरवायची. "ह्याचं नाक कुनी झिजवलं?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, कुणी नाही, मशीननं तसंच काढलं. तिनं पेटी बंद केली, टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवली आणि मला चहा केला. मी तो प्यायले. सोनाराकडचे नवे टाक दुसऱ्या दिवशी येणार होते.

लग्न कासारसाईला झालं. शूटिंगवाले आले नाहीत. देवच नाहीत तर शूट काय करायचं? दुसऱ्या दिवशी मालेत गोंधळ. हल्ली हे सगळं दिवेलागणीलाच सुरू करतात, पाहुण्यांना परत जायचं असतं, नव्या नवरीला दमवायचं नसतं. मी जाणार नव्हते. कोणत्या तोंडानं जायचं? पण मावशीचा नातू, नवा नवरदेव असूनही, सकाळी स्वतः गाडी घेऊन चांद्याला आला आणि म्हणाला, आजीनं सांगितलंय, बाई आल्याशिवाय चौक मांडायचा नाही.

अंगणात मांडव होता. मी बायकांच्यात, चौक आणि फाटकाच्या मध्येच बसले. तांदळाचा चौक, कलश, विड्याची पानं, आणि पानांवर नवे चार टाक. लखलखीत. खंडोबाला नाक होतं, डोळे होते, घोड्याचा लगामसुद्धा दिसत होता. त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. मावशीनं हळदकुंकू वाहिलं, पण मागे सरून पदर पसरून बसायची तिची सवय, तशी ती काही बसली नाही.

दिवटी पेटली, संबळ वाजू लागला. गोंधळी एकेका देवाला त्याच्या गावावरून हाक मारू लागला. तुळजापूरची भवानी झाली, जेजुरीचा खंडोबा झाला, कोल्हापूर, माहूर झालं. जवळचे, लांबचे सगळे झाले. तो पुढच्या पदाकडे वळणार तेवढ्यात मावशीनं हात वर केला.

"थांब. आमचं घरचं ऱ्हायलं."

गोंधळ्यानं चौकाकडे पाहिलं. "हे काय मावशी, मांडल्यात की."

"ते नवं हाय. त्यात अजून कुनी आलेलं न्हाई. आमचं अजून तितंच हायेत. त्यास्नी हाक मार."

संबळ थांबला. मांडवात कुजबुज झाली, नातू खाली बघू लागला. गोंधळी अडचणीत पडला. म्हणाला, "मारतो की. पर हाक गावावरनं मारायची असती. गाव कंचं घिऊ?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सांगा. तुमच्याकडं हायेत ते. कंचं गाव लागतंय?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. नवरीसुद्धा मुंडावळ्या बाजूला करून बघत होती.

"माले," मी म्हटलं.

"आपलंच?"

"हो. आपलंच."

त्यानं संबळावर पुन्हा काठी टाकली. मालेच्या खंडोबाला हाक मारली, मालेच्या भवानीला मारली, मालेच्या भैरोबाला मारली. वीराशी येऊन तो अडला, तेव्हा मावशीनं पुढे वाकून त्याला वीराचं नाव सांगितलं. वीराला नाव होतं. मी खाली फक्त "वीर, अश्वारूढ" असं लिहिलं होतं. त्या नावानं हाक गेली. मग मावशी उठली, चौकापासून अंगणाच्या फाटकापर्यंत मध्ये बसलेल्या सगळ्या बायकांना म्हणाली, "सरका गं जरा. येनाऱ्याला वाट द्या." बायका आपापली पोरं उचलून दोन्हीकडे सरकल्या. मीही उठून बाजूला सरकले.